सहीआधी मोठ्यानं

प्रिय छोट्या,

पन्नाशीला टेकलास तरी मी हेच म्हणणार. तक्रार असेल तर लेखी कर.

तू पाठवलेला बँकेचा फॉर्म मिळाला. तुमच्याकडच्या खात्यात माझ्या शिवणकामाचे पैसे आहेत. तिथल्या हिशेबी मी पडले परदेशी, म्हणून मी कर कुठल्या देशात भरते, म्हणजे मुळात राहते कुठे, हे लिहून दिलं नाही तर खातं गोठवणार म्हणे. तू सगळं भरून दिलंस, देश तुमचाच लिहिलास, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलीस आणि वर चिठ्ठी: "आई, भाषण नको, फक्त सही कर." कारखान्याच्या फाटकावर लाऊडस्पीकरशिवाय तासभर बोलणाऱ्या बाईला हे सांगायची हिंमत तुझीच!

पण युनियनमधला आमचा नियम तू विसरलास. मालकाचा करार असो की आपलाच ठराव, मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणी सही करायची नाही. लोकांना फसवणारं वाक्य डोळ्यांना चुकवून जातं, पण तोंडातून सहज निघत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तुझं प्रगतिपुस्तकसुद्धा मी असंच वाचायची. तू खाली मान घालून उभा, आणि गणिताचे गुण साऱ्या मजल्याला ऐकू जायचे. तुझे बाबा म्हणायचे, "अगं, शेजारी ऐकतायत." ऐकू देत की!

तेव्हा या फॉर्मला तरी सूट कशी मिळणार? समोरची नर्सबाई ड्यूटीवरून परतली, तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि वाचायला लागले. नाव, जन्मतारीख खणखणीत झाली. मग आलं, "माझं कायमचं घर", आणि पुढे तुझा पत्ता. आवाजच फुटेना. पुन्हा वरपासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. लाठीमाराच्या धावपळीतही माझा घसा कधी बसला नव्हता. नर्सबाईनं टॉर्च मारून तपासला आणि म्हणाली, "मावशी, घसा ठणठणीत आहे. कागद बदला."

दुसऱ्या दिवशी कर कार्यालयात गेले. तिथल्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, कायमच्या इथंच राहता ना?" मी म्हटलं, "हो." इतकं छोटं भाषण मी जन्मात केलं नव्हतं. मी इथलीच करदाती असल्याचा दाखला त्यानं लगेच दिला.

तुमच्याकडे मला काही कमी होतं असं मनात आणू नकोस. सूनबाईनं माझ्या शिलाई मशीनसाठी स्वतःचं टेबल खिडकीपासून हलवलं, हे मी विसरणार नाही. पण तिथं सगळे माझ्याशी फार चांगलं वागायचे रे. इथं भांडतात. पाण्याच्या टाकीवरून परवा साऱ्या इमारतीची सभा झाली, मला खुर्ची दिली आणि पाचव्या मिनिटाला माझ्यावरच तुटून पडले. त्या रात्री मी दोन घास जास्त जेवले.

गुडघ्याच्या ऑपरेशनपुरती म्हणून मी इथं आले. दर फोनवर तू विचारतोस, "कधी येतेस?" आणि मी म्हणते, "गुडघा बरा होऊ दे." छोट्या, गुडघा केव्हाच बरा झालाय. फोनवर तुझा आवाज ऐकला की हे सांगवत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. सोबत दुरुस्त केलेला फॉर्म आहे, दाखला जोडलाय, सही केलीय. या वेळी कुठंही अडले नाही. माझी खोली नातीला दे, किती दिवस बाहेरच्या सोफ्यावर झोपायचं तिनं? मशीनही तिचंच. फक्त पत्रव्यवहाराच्या रकान्यात मी तुझा पत्ता राहू दिलाय. राहते इथं आणि पत्रं तिथं, म्हणून बँक पुन्हा पुन्हा शंका काढेल असं तो अधिकारी म्हणाला. काढू दे. बँकेचं पत्र आलं की मला फोन लाव आणि वाचून दाखव. मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुझीच,
इथं राहणारी आई