अण्णा, तुझा फोटो मी घरी आणलाय

प्रिय अण्णा,

काल मंडळानं गणपतीच्या स्टेजवर तुझा फोटो ठेवला. हार घातला, उदबत्ती लावली आणि अध्यक्षकाका माईकवरून म्हणाले, "आमच्या वडगावच्या गल्लीचा लाडका कलाकार. देवानं लवकर नेला." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आपल्या आप्पांशी बोलून उपयोग नाही, म्हणून तुलाच लिहितेय.

लाडका? कधीपासून रे?

उद्यमबागेतली लोखंड ओतायची फौंड्री सुटली की तू सायकल भिंतीला लावून, हातपाय धुऊन थेट देवळामागच्या पटांगणात यायचास. अंगाचा लोखंडाचा वास काही जायचा नाही. पिक्चर बघून आलास की तिथला नाच आरशापुढं मोडून-जोडून बघायचास आणि मग आम्हा पोरांना शिकवायचास. ब्रेक डान्स हा शब्दसुद्धा तेव्हा गल्लीत नवा होता.

त्या वर्षी गणपतीत तू खास बारक्या पोरांसाठी नाच बसवलास. मी आठवीत होते. उड्या, गिरक्या, जमिनीवर हात टेकून पाय फिरवणं, हे सगळं तू आम्हा मुलींना दिलंस. आणि शेजारच्या सुऱ्याला पाण्यासारखे हात हलवायला शिकवलंस, खांद्यापासून बोटांपर्यंत, सावकाश. सुऱ्या लाजला. "अण्णा, हे पोरींचं हाय," म्हणाला.

"पाणी पोरगी असतंय का पोरगा?" तू विचारलंस. "तुझ्या हाताला येतंय न्हवं? मग तुझंच."

मला घरात रोज काय ऐकायला मिळायचं, आठवतंय? पाय पसरून बसू नको, हळू चाल, दात दाखवू नको. आणि तू म्हणायचास, "शोभे, मार उडी. पडलीस तर पड."

नाच निम्म्यावर आला. सुऱ्या पुढं झाला, त्याचे हात वाहायला लागले. पोत्यांवर बसलेली बारकी पोरं गप्प होऊन बघत होती. काही तर बसल्या जागी तसेच हात हलवत होती. तेवढ्यात अध्यक्षकाकांनी टेप बंद केला.

"काय चाललंय रं हे? पोरींस्नी पोरागत उड्या, आणि पोराला बायल्यागत हात? गल्लीची लाज काढलास."

सुऱ्या स्टेजवरच रडला. मी तुझ्याकडं बघत होते, आता अण्णा बोलेल म्हणून. तू कॅसेट काढून खिशात घातलीस आणि खाली उतरलास.

का बोलला नाहीस? सुऱ्याला जे सांगितलंस तेच तर सांगायचं होतं. एवढंही का जमू नये तुला?

घरी आप्पा हातमागावर बसल्या बसल्या म्हणाले, "असं कंबर हलवणाऱ्याला कोण पोरगी देणार हाय? उद्यापास्नं नाच बंद." तू "व्हय" म्हणालास, आणि खरंच बंद केलंस. चुलतभावाच्या वरातीत ज्यांना नाचता येत नाही तेही नाचले, आणि तू कुणाच्या तरी चपला सांभाळत कडेला उभा. नाक्यावरची टोळकी तुला बघून कंबर हलवून दाखवायची. तू मान खाली घालून सायकल मारायचास.

या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तू गेलास. कावीळ कुणी केली नाही, एवढं मला कळतं. पण तुझ्यातला नाचणारा त्याच्या कितीतरी आधी मेला होता. तेव्हा का नाही लावली कुणी उदबत्ती?

काल मी स्टेजवर चढले. हार काढून टेबलावर ठेवला आणि फोटो उचलला.

"अगं शोभा, काय करालीस हे?" काका म्हणाले.

"काका, टेप तुम्ही बंद केलता. ह्यो फोटो तुमचा न्हाय."

माईक चालूच होता, सगळ्या गल्लीनं ऐकलं. या गल्लीला गप्प बसायची सवयच आहे.

घरी फोटो भिंतीला टांगला. आप्पांनी येऊन काच पुसली. मग म्हणाले, "नाचायचा मात्र झ्याक."

"हे तवा म्हणायचं हुतं, आप्पा."

ते उठून मागावर जाऊन बसले. माग चालल्याचा आवाज काही आला नाही. मला दया आली नाही, अण्णा. कदाचित पुढं येईल.

येत्या रविवारपासून पटांगणात मी पोरांना शिकवणार आहे. सुऱ्या आता कॉलेजात, पीयूसीला आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "हात मी शिकिवतो." जिला उडी येईल ती उडेल, ज्याच्या हातात पाणी असेल तो वाहील. आणि कुणी थांबवायला आलं, तर मी बोलेन. पोरांच्या देखत, मोठ्यानं बोलेन. हा शब्द तुला देते.

राग सोडीन असं वचन मात्र मागू नकोस. तो अजून तुझ्यावरही आहे.

तुझी बहीण,
शोभी