बॅटरीवरचा बँजो

मेडशी, ९ जाने. १९५६
सकाळी सिंधू दळताना गात होती. सूर पार सुटलेला. स्वतःचंच गाणं ऐकू येत नाही तिला. मुदतीच्या तापात बायकोचा जीव वाचला, कान गेले. मी दारातच उभा होतो, तिला पत्ता नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणतात, आता इलाज नाही. पण कानाशी ओरडलं की थोडं कळतं. मग बँजो का नाही कळणार? लग्नाआधी भजनात माझा बँजो ऐकूनच तर हो म्हणाली होती. जत्रेतला स्वस्त माल, आवाज डासाएवढा. मोठा करायचाच.

१४ जाने. संक्रांत
तारा बदलल्या, सगळ्या पितळी. भजनातले सगळे म्हणतात, पितळ गोड. सूर दाबायच्या पट्ट्या खडखडायच्या, त्यांच्याखाली बनातीचे तुकडे चिकटवले. माझ्यासारख्या शिंप्याला चिंध्यांची काय कमी! गोड झाला खरा. तिच्या कानाशी धरून वाजवला. ती नुसती माझ्या बोटांकडे बघत राहिली. "वाजून राह्यला का?" मी होकारार्थी मान हलवली आणि बाहेर निघून गेलो.

२० जाने.
मंगरूळपीर. रेडिओवाल्या हमीदभाईला सगळं सांगितलं. त्याने टेलिफोनच्या रिसिव्हरमधलं चुंबक, तारेच्या गुंडाळीसकट काढून दिलं. तारांखाली बसवायचं, वायर रेडिओला, की आवाज रेडिओतून. एक उघडाबोडका रेडिओ, जुनी बॅटरीही दिली. "साऱ्या गावाले ऐकू येईन, मास्टर."
येताना मोटारीत मांडीवर रेडिओ. किती दिवसांनी बरं वाटलं.

२२ जाने.
रेडिओ नुसता खरखरतो. बँजोचा एक सूर नाही. उचकटलं, परत लावलं. तेच. सिंधू भाकर घेऊन आली, तिच्यावरच ओरडलो. तेवढं मात्र तिला ऐकू आलं.
लाज वाटते.

२५ जाने.
परत हमीदभाई. तारा बघून कपाळावर हात मारला. "पितळ हाय हे! चुंबक पितळेले कायले धरते? पोलादी लाव." हौसेने गोडवा घातला, तोच मुका निघाला. पोलादी आणल्या. याच्यापुढे माझ्याजवळ काही नाही. देवा, एवढं तरी…

२७ जाने.
वाजला! असा गरजला की शेजारची म्हैस उठून उभी. सिंधूला हाताला धरून आणलं, तिचा हात बँजोच्या खोक्यावर ठेवला, तिची आवडती चाल धरली. तिने डोळे मिटले. मान डोलायला लागली. "येऊन राह्यलं ऐकू. वाजवा." डोळ्यांना धार लागली माझ्या.
अर्ध्यात बॅटरी बसली. रेडिओ गप्प. उरला तो डासाएवढा आवाज. तिची मान डोलतच होती.
हाताला कळत असेल का काही? की माझ्यासाठी डोलत होती? बोटं थांबवली असती तर तिथेच कळलं असतं, मान थांबते का ते. नाही थांबवली. शेवटपर्यंत वाजवलं.
आता चुलीपाशी बसून म्हणते, "उद्या पण वाजवसान न?"