पाठराखणीसाठी काठी आणि रीळ

प्रिय आर्डिथ,

"विनेलच्या हातात गळ देण्यापेक्षा माशाला पत्र लिहा, तो लवकर येईल." हे तू म्हणाली होतीस, तलावाच्या धक्क्यावर, सगळ्या चुलतभावंडांसमोर, मी शाळेत असताना. काठी मागे नेऊन फेकायच्या नादात माझा गळ पाद्रीबुवांच्या हॅटमध्ये अडकला होता आणि हॅट तलावाच्या मध्यावर पोचली होती. (फेक चांगली होती, हे मात्र कुणीच कबूल केलं नाही.) त्यानंतर मी काठीला हात लावला नाही. म्हणून आज तुला कळवताना मला जरा संकोच वाटतोय की तुझ्या धाकट्या बहिणीने या उन्हाळ्यात स्वतःची कयाक, ती एकट्यापुरती वल्ह्याची होडी, घेतली, तिच्यातून ती बास मासे धरायला जाते आणि काठी-रीळ या विषयावर आता भर चर्चमध्येही तिच्याशी लोक हुज्जत घालतात.

तुझा गुडघा कसा आहे? क्लॉइस भाऊजींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची साखर कमी झाली असेल तर ते श्रेय त्यांना मिळू दे, तू घेऊ नकोस. इकडे गंटर्सव्हिलमध्ये सगळं ठीक आहे. हवा अजून उकडतीच आहे, चर्चच्या भोजनाला तुझ्या पीच पायची आठवण सगळे काढतात आणि मी भाजलेला तसाच उरतो. रँडल मला सोडून पेन्सकोलाला त्या दातांच्या दवाखान्यातल्या बाईकडे राहायला गेला त्याला आता वर्ष होत आलं. तू दर फोनवर आवाज खाली आणून विचारतेस म्हणून लिहिते, मी जेवते, झोपते आणि गाडीचं तेलही वेळेवर बदलते. डॅडींची तब्येत उत्तम आहे. ते दिवसाचा बराच वेळ बसून असतात. फक्त बसतात ते कयाकमध्ये, आणि तुझं-माझं भांडण तिथेच आहे.

ईस्टरला जे झालं ते तू पाहिलंस, मी नाकारत नाही. ऐंशीचा माणूस किनाऱ्यालगत कयाकमधून कलंडला, टोपी एकीकडे, डॅडी दुसरीकडे, आणि तू चर्चच्या कपड्यांत गुडघाभर पाण्यात. त्याच संध्याकाळी तू निकाल दिलास: थँक्सगिव्हिंगला ट्रेलर घेऊन यायचं, कयाक विकायची, डॅडींना बर्मिंगहॅमला तुमच्याकडे न्यायचं, गॅरेजवरची खोली रंगवून तयार आहे. वर तू एवढं बोललीस की, पाण्यावर कायम कुणी बरोबर असेल तर गोष्ट वेगळी. आपण फार कठोर वाटू नये म्हणून तू ते म्हणालीस, हे मला कळत होतं. पण बुडत्याला काडी मिळाली की तो काडीची जात विचारत नाही. मी ठरवलं, ते कुणीतरी मीच होणार.

अडचण एकच होती. डॅडींवर पहारा ठेवला तर तो त्यांना कळता कामा नये. शेजारच्या हॉलिसला मी ईस्टरच्या आधी एकदा गोडीगुलाबीने त्यांच्यामागे धाडलं होतं, तर त्याला त्यांनी पाण्यातूनच ऐकवलं, "मी मासे धरायला आलोय, बाप्तिस्मा घ्यायला नाही. साक्षीदार नकोत." तेव्हा मला पाण्यावर असायला स्वतःचं काहीतरी कारण हवं होतं, आणि आपल्या गावात पाण्यावर असायचं एकच कारण लोकांना पटतं. चर्चच्या ऑर्गनवादक बाईंची जुनी पिवळी कयाक मी घेतली (त्यांच्या नवऱ्याने तिच्यात टोमॅटो लावायचं ठरवलं होतं, त्यामुळे आमची मैत्री जरा खालावली आहे) आणि थर्मनच्या आमिषाच्या दुकानात गेले.

आर्डिथ, तुला ते दुकान आठवत असेल. पुढे जिवंत किड्यांचा फ्रीज, मागे उकडलेल्या शेंगांचं पातेलं आणि मधे कॉफीभोवती बसलेले चार-पाच म्हातारे, जे दुकान बांधलं तेव्हापासून तिथेच आहेत आणि बहुधा दुकानच त्यांच्याभोवती बांधलं असावं. मी म्हटलं, कयाकमधून बास धरायला नवख्या माणसाला काठी आणि रीळ हवंय. अशी शांतता मी फक्त इच्छापत्र वाचताना ऐकली आहे. मग एकदम सगळे बोलायला लागले. रिळं दोन प्रकारची असतात, एवढं मला त्यातून कळलं. एक काठीच्या खाली लटकतं, त्यातली दोरी आपली आपण सुटते आणि ते मुलंही वापरू शकतात. दुसरं काठीच्या वर बसतं, छोट्या पिंपासारखं फिरतं, आणि दोरी सुटत असताना त्यावर अंगठा ठेवून ते नेमक्या वेळी थांबवावं लागतं. पहिलं घे असं थर्मन म्हणाला. त्यावर त्याचा मेहुणा डेल्मर म्हणाला, "तिला माशांना अंगाई म्हणायचीय का?" डेल्मरच्या भिंतीवर स्पर्धांची बक्षिसं आहेत. मी बक्षिसांचं ऐकलं. वर बसणारं रीळ घेतलं आणि त्याला जोडायला दुकानातली सगळ्यात लांब, सगळ्यात ताठ, सगळ्यात रुबाबदार काठी.

पहिल्याच सकाळी मी काठी फेकली आणि रिळातल्या दोरीचं घरटं झालं. घरटं म्हणजे कसं, तर एखादा पक्षी येऊन अंडी घालायला हरकत नव्हती. अंगठा कधी ठेवायचा हे डेल्मरने सांगितलं होतं, पण अंगठ्याला सांगितलं नव्हतं. मी केसातली पिन काढून गुंता सोडवत बसले, आणि मान वर केली तेव्हा ज्यांच्यावर नजर ठेवायला मी आले होते ते डॅडी वळणाआड नाहीसे झाले होते! घाबरून मी वल्हं मारायला गेले. काठीची लांबलचक मूठ लाइफ जॅकेटमध्ये शिरली होती, ती उपसून काठी पाठीमागच्या काठी ठेवायच्या भोकात उभी खोवली आणि तशीच पाण्यावर वाकलेल्या एका विलोच्या झाडाच्या फांदीखालून निघाले. कयाक पुढे गेली, काठी फांदीकडे राहिली. क्षणभर फांदीने तिला छान तोलून धरलं, मग पाण्यात सोडून दिलं. कयाकमध्ये प्रत्येक वस्तू दोरीने बांधून ठेवायची असते हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच ते कुणी मला सांगितलं नाही. डॅडी वळणापलीकडे आरामात सँडविच खात होते. "काठी कुठाय?" म्हणाले. मी म्हटलं, घरी विसरले. त्यांनी अर्धं सँडविच वल्ह्याच्या पात्यावर ठेवून माझ्याकडे पोचवलं.

दुसऱ्या वेळी मी निमूटपणे थर्मनचं ऐकलं. खाली लटकणारं मध्यम रीळ, माझ्यापेक्षा थोडीशीच उंच काठी, मधे जरा ताठ आणि टोकाला चपळ, मूठ आखूड. डेल्मरने माझ्याकडे पाठ फिरवली. दोरी मात्र मी स्वतः निवडली, विणलेली, हिरवीगार, रेशमासारखी गुळगुळीत, आणि घरी टीव्हीसमोर बसून नीटनेटकी रिळावर गुंडाळली. त्या दोरीने मला पहिला मासा दिला. गवताच्या पट्ट्याशी आमिष टाकलं आणि काठी अशी वाकली की मी देवाचं नाव घेतलं, पण चर्चमध्ये घेतात तसं नाही. मी हँडल फिरवलं. फिरवतच राहिले. दोरी येईना! आत पाहते तर इलास्टिक गेलेल्या पेटीकोटसारखी सगळी दोरी रिळाच्या फिरकीवर गोल गोल घसरत होती. मासा ओढत होता, मी फिरवत होते, आणि कयाक आपली माशाच्या मर्जीने थेट डॅडींच्या दिशेने निघाली होती. चोरून पाळत ठेवणाऱ्या माणसाला माशाने ओढत आणून हजर करावं, याहून मोठी बेअब्रू नाही.

"विनेल," डॅडी म्हणाले, "मासा धरतेयस की आइसक्रीमचं भांडं फिरवतेयस?"

"रीळ बिघडलंय, डॅडी!"

"रिळाला काय धाड भरलीय? नुसत्या फिरकीवर गुळगुळीत दोरी बांधलीस ना? खाली काही खरखरीत नको? सोड ते, हातानं ओढ. हळू गं. हळू. नवरा नाहीये तो, जाऊ देऊ नकोस."

एवढं बोलून ते स्वतःच दचकले. मग मी हसले, मग ते हसले, आणि दोघांच्या कयाका इतक्या हलल्या की माशाने ती संधी साधली. तो मोठा होता, आर्डिथ. किती मोठा ते लिहीत नाही, कारण तू हात पसरून माझी नक्कल करशील. नंतर डॅडींनी माझी दोरी सगळी उलगडली, आणि त्यांना कुठे खरचटलं तर असावी म्हणून मी लपवून आणलेली जखमेवरची चिकटपट्टी मागून घेऊन फिरकीवर चिकटवली आणि त्यावर दोरी पुन्हा घट्ट गुंडाळून दिली. तेव्हापासून ती तसूभर हललेली नाही.

आता मी बरी फेकते. रोज सकाळी मी त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून असते, आणि तुला सांगते, आपण आईबापांची तोंडं जन्मभर पाहतो, पाठ कधी पाहत नाही. डॅडींची पाठ डावीकडे जराशी झुकली आहे. मासा लागला की ती सरळ होते. मासा हातात धरून ते त्याच्याशी दोन शब्द बोलतात (काय ते मला ऐकू येत नाही, पण आईशी बोलायचे तेव्हा मान अशीच एका बाजूला करायचे) आणि मग त्याला सोडून देतात. मी हे सगळं पहाऱ्यासाठी सुरू केलं होतं, पण हल्ली पहाटे मी गजराच्या आधी उठते. घरात रँडलच्या खुर्चीसमोर बसून कॉफी प्यावी लागत नाही, हे एक कारण. पण ते एकच नाही. पाण्यावर गप्प बसलं तर कुणी "काय झालं?" विचारत नाही.

तर सांगायचं एवढंच, की तुझी अट पूर्ण झाली आहे. डॅडी पाण्यावर एकटे नसतात. तेव्हा थँक्सगिव्हिंगला जरूर या, टर्की मी करीन, पण ट्रेलर घरी ठेवा. गॅरेजवरच्या खोलीत क्लॉइस भाऊजींची व्यायामाची सायकल ठेवावी. तिथे ती चालवायला कुणी सांगणार नाही.

तुझी,
विनेल

ता. क. वरचं पत्र पाकिटात घालून, जीभ लावायच्या आधी, मी गळ आणायला थर्मनकडे गेले होते. सहज म्हटलं, बरं झालं मी शिकले, नाहीतर पाण्यावर डॅडींना सोबत कोण करणार. थर्मनला शेंग घशात अडकली. पाणी प्यायल्यावर म्हणाला, "मिस विनेल, तुमचे डॅडी, मिस्टर एव्हरेट, तर पाण्यावर जायचेच थांबले होते. ईस्टरनंतर आपली कयाक त्यांनीच माझ्याकडे विकायला आणून टाकली. बर्मिंगहॅमला जायचं म्हणून चांगल्या काठ्या डेल्मरला देऊनही झाल्या होत्या. मग तुम्ही काठी मागायला आलात. तुम्ही गाडीत बसायच्या आत मी त्यांना फोन केला. तासाभरात येऊन कयाक घेऊन गेले. म्हणाले, पोरीचा नवरा सोडून गेलाय, तिला काठी सरळ धरता येत नाही, आणि ती एकटी पाण्यावर निघालीय. मी मागे राहिलो तर तिच्याकडे बघणार कोण?" मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीत? तर सगळे म्हातारे कॉफीच्या कपात बघायला लागले. एखाद्याने पाण्यावर जाणं सोडलं तर त्याच्या घरच्यांपाशी ते बोलायचं नाही, अशी त्या दुकानाची रीत आहे. रिळांवरून ते एकमेकांचे गळे धरतील, पण हे बोलणार नाहीत. थोडक्यात, ज्या माणसाला पाण्यापासून वाचवायला मी कयाक घेतली, तो पाण्यातून बाहेर येऊन बसला होता, आणि मीच त्याला परत आत नेलं. हे वाचून तू खुर्चीतून उठली असशील. गुडघा सांभाळ.

ता. क. २. म्हणजे आता मी काठी ठेवून दिली की डॅडीही ठेवतील आणि मुकाट्याने तुझ्या गाडीत बसतील. तुला हवं तेच होईल, आणि कदाचित तेच शहाणपणाचंही असेल. मी काल दिवसभर त्यांना तसं सांगायचं ठरवत होते. संध्याकाळी ते माझ्या रिळाला तेल घालायला आले, आणि मी काही बोलले नाही.

ता. क. ३. म्हणून एक काम कर. रविवारी त्यांना फोन करून सांग की, विनेलचं काही खरं नाही, तिला पाण्यावर एकटी सोडू नका, निदान वसंतापर्यंत तरी तिथेच राहा. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतात. तू उभ्या आयुष्यात खोटं बोललेली नाहीस, आजारी मावशीलासुद्धा तिचा केक कोरडा आहे असं सांगून आलीस, त्यामुळे तू नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. पण आर्डिथ, यातलं अर्धं तर खरंच आहे. तेवढं अर्धं तरी सांग.