तिसरा पुकारा

आबा, काल पुष्कळ वर्षांनी कोर्टाच्या आवारात गेलो होतो. शिपायानं दारातूनच एक नाव घेतलं, ते शेजारच्या बाकापर्यंत तरी पोचलं की नाही कोण जाणे. तुम्ही पुकारा द्यायचात तेव्हा फाटकाबाहेरचा चहावाला किटली खाली ठेवायचा. सबजज्जाच्या कोर्टात पंचवीस वर्षं तुम्ही तेवढंच केलंत: लोकांची नावं मोठ्यानं घेतलीत. पहिला पुकारा दारात, दुसरा पायरीवर, तिसरा आवारात. तिसऱ्यालाही वादी आला नाही तर दावा गैरहजेरीत निकालात.

जेवताना तुम्ही मला कोर्टं समजावून द्यायचात. आईच्या मडक्यांच्या उतरंडीकडे बोट करून म्हणायचात, "ते वरचं बारकं मुंबईचं हायकोर्ट, मधलं आपलं डिस्ट्रिक्ट कोर्ट आणि हे तळाचं आमचं. शेतसारा मामलेदाराकडे, मारामारी मॅजिस्ट्रेटकडे. उरलेली सगळी दुनिया आमच्याकडे." आई म्हणायची, "माझ्या मडक्यांत कोर्ट नको हो, नाचणी आहे त्यांत." तुम्ही हसायचात आणि पुन्हा सांगायचात, की वरच्या कोर्टांत कागद जातात, माणूस येतो तो इथंच, आपल्या पायरीवर. मला ते तेव्हा शिपायाचं समाधान वाटायचं.

मग मी प्लीडरची सनद घेतली आणि त्याच कोर्टात उभा राहिलो. पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत मला सलाम केलात. "या वकीलसाहेब." घरी 'अरे' आणि कोर्टात 'साहेब'. कारकून हसले, तुम्ही हसला नाहीत. मला मात्र टेबलाखाली शिरावंसं वाटलं होतं.

मिठाचा कायदा मोडण्याची धामधूम होऊन दोनेक वर्षं झाली होती. माझी पहिली स्वतंत्र केस. पूर्णगडच्या एका विधवेनं दिरावर दावा लावला होता. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यानं चिऱ्यांचा गडगा घातला होता आणि ती पाण्यासाठी टेकडीला वळसा घालत होती. मी दिराचा वकील. तिला वकील नव्हता, अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतलेला. होळी जवळ आलेली, विहिरी तळाला चाललेल्या. दावा निकालात निघाला तर गडगा राहणार, आणि पुन्हा अर्ज घेऊन एवढं अंतर तुडवायची तिची ताकद नाही, हे दीर मला आधीच सांगून बसला होता.

अकराला तुम्ही दारात पुकारा दिलात. कुणी नाही. मग पायरीवर. तिथं तुम्ही जरा थांबलात, खाडीच्या बाजूला बघितलंत. भाट्याच्या खाडीला त्या वेळी सुकती होती. पाणी उतरलं की पूर्णगडच्या बाजूची माणसं पलीकडून आणणारी होडी, ती तर, चिखलात रुतते, हे रत्नागिरीत कुणाला ठाऊक नाही? पण कोर्टाच्या घड्याळाला सुकती-भरती नसते. दुसरा पुकारा झाला आणि तुम्ही आत येऊन म्हणालात, "साहेब, वारा उलटा आहे. फाटकाशी जाऊन देतो." साहेबांनी मान हलवली. तुम्ही निघालात ते असे, की जणू आवारातली प्रत्येक फरशी मोजायची आहे.

मी उठलो. "साहेब, वादी हजर नाही. दावा काढून टाकावा अशी विनंती आहे." साहेब म्हणाले, "शिपायाला परत येऊ द्या, वकील." एवढ्यात फाटकातून तुमचा तिसरा पुकारा आला, लांबलचक, आणि त्याच्या मागोमाग तुमचाच नेहमीचा आवाज: "ये गो बाय, ये. साहेब बसलेत." ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती. "तर रुतली, दादा. उतरून चालत आले," एवढंच म्हणाली.

केस चालली, मी हरलो. डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील केलं, तिथंही हरलो. गडगा निघाला.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला काय काय बोललो! "आबा, तुम्ही माझी केस घालवलीत." तुम्ही पायावर पाणी घेत होतात. "मी तीनच पुकारे दिले. चौथा दिला काय?" मी म्हटलं, "मधे केवढा वेळ घेतलात!" "किती घ्यायचा ते तुझ्या कायद्यात काढून दाखव. उद्यापासून तेवढाच घेईन." मी खरंच पुस्तक काढून बसलो, आणि मिळालं नाही. आई आतून म्हणाली, "वकीलसाहेब, भात निवतोय." मी जेवलो नाही. आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही मात्र कोर्टात रोज सलाम करत राहिलात.

पुढं मी बरी वकिली केली. समोरचा पक्षकार आला नाही की मी साहेबांना थोडं थांबायला सांगायचो आणि लोक मला दिलदार म्हणायचे. तुमच्या हयातीत एक गोष्ट तेवढी सांगता आली नाही. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी माझं टेबल खिडकीशी होतं. खाडीकाठच्या राजिवड्याकडून चढून येणारा रस्ता तिथून दिसतो, फाटकातून दिसत नाही. लुगड्याचा ओचा वर खोचून ती चढणीवर धावत येत होती. मी तिला पाहिलं, आणि मग उठलो.