सुईच्या पलीकडच्या टोकाला

तीर्थरूप आक्का,

तुझ्या भोंग्याचा दंडवत. (हे टोपणनाव तूच ठेवलंस, बाकी सगळे मला वक्ते म्हणतात.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, तेव्हा निदान कठडा धरून चढ. फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि आजची हकिकत तोडून सांगण्यासारखी नाही. इकडे सर्व क्षेम, असं लिहावं तर खोटं लिहायची मला सवय नाही. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो आहे.

पोटरीवर गळू आलं होतं. मी ते बरेच दिवस लपवलं, कारण गळवामागून सुई येते. सुईला मी भीत नाही, ती आधी कुठं जाऊन आली याला भितो. (असं मी चारचौघांत सांगतो. सुईलाही भितो.) वापरलेल्या सुयांबद्दल मी जेवढं वाचलं आहे तेवढं आमच्या डॉक्टरांनीही वाचलं नसेल, आणि वाचलेलं पानन् पान छातीवर दगडासारखं बसून आहे. शाळांत, वाचनालयांत, एकदा तर भाच्याच्या लग्नात जेवणाऱ्या पंगतीपुढं उभं राहून मी सांगितलं आहे की सुईचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, गप्प बसू नका, भीड भिकेची बहीण! यातला एकही शब्द मी आजसुद्धा मागे घेत नाही. घेणारही नाही.

तर आज गळू कापण्याआधी दंडात इंजेक्शन द्यायचं होतं. नर्सबाई तुझ्या सुनेच्या वयाच्या. मी पाकीट मागितलं, त्यांनी मुकाट्यानं हातात दिलं. मी चष्मा लावून कडा तपासल्या, तारीख वाचली, उजेडात धरून पाहिलं. त्या जराही वैतागल्या नाहीत, याचाच मला संशय आला. मग त्यांनी पाकीट फोडलं, औषध भरलं आणि म्हणाल्या, "काका, हात सैल सोडा, अन् तिकडे बघा." तिकडे शेजारच्या खाटेवर पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला एक गवंडी होता. त्याच्याकडे बघत, भीती घालवायचा मला ठाऊक असलेला एकमेव उपाय मी केला. बोलायला लागलो. (गवंड्याला उठून जाता येत नव्हतं. असा श्रोता नशिबानं मिळतो.) वॉर्डातल्या माना वळल्या, माझा स्वर चढला, आणि मी इतका रंगात आलो की सुई टोचलेलीसुद्धा कळली नाही. 'एका माणसाच्या रक्तात बुडालेली सुई दुसऱ्या माणसाला लागता कामा नये!' या वाक्याला माझा उजवा हात आपोआप वर जातो. (तू पाहिलं आहेस. मागे त्यात अध्यक्षांचा चष्मा गेला होता.) आजही हात वर गेला. नर्सबाई सुई काढून डब्यात टाकायला वळत होत्या. माझा हात त्यांच्या मनगटावर आदळला, आणि माझ्या दंडातून नुकतीच निघालेली ती सुई हातमोज्यातून त्यांच्या अंगठ्यात घुसली.

त्यांनी हातमोजा ओढून काढला. नळ सोडून साबणानं अंगठा धूत राहिल्या. गवंडी म्हणाला, "वक्ते, पुढं?" आक्का, पुढचं वाक्य मला तोंडपाठ आहे. ते आलंच नाही.

डॉक्टरांनी त्यांना खबरदारीच्या गोळ्या ताबडतोब सुरू केल्या. मला म्हणाले, तुमचं रक्त तपासावं लागेल, त्यात काही निघालं नाही तर गोळ्या थांबवता येतील, पण तुमची परवानगी हवी. म्हणजे आणखी एक सुई. आणि त्या सुईहून भयंकर म्हणजे तिच्यामागून येणारा निकाल! जन्मभर मी लोकांच्या रक्ताला भ्यालो. स्वतःच्याच रक्ताला भ्यायची पाळी येईल, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तुझी भावजय शेजारीच उभी होती. म्हणाली, "लोकांना शहाणपण सांगताना नाही हो लागत विचार!" नर्सबाईंनी गोळी घेतली आणि पेला धुऊन ठेवला. त्यांच्या घरी अंगावर पिणारं मूल आहे आणि निकाल येईपर्यंत त्याला पाजायचं नाही असं ठरलंय, हे वॉर्डातल्या मावशींनी माझ्या कानात सांगितलं. मी विचार करायला म्हणून बाहेर बाकावर आलो, तो अजून इथंच आहे.

थोरांना नमस्कार सांग, पोरांचे गाल माझ्या वतीनं ओढ.

तुझा, सध्या बंद पडलेला,
भोंगा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. डॉक्टर विचारताहेत, पूर्वी कधी वापरलेल्या सुईनं इंजेक्शन घेतलंय का? लहानपणी तापात तू मला कडेवर घेऊन त्या कंपाउंडरकडे न्यायचीस, तिथं अख्ख्या रांगेला एकच सुई असायची. मधे ती उकळायचे का गं? तू माझे डोळे झाकायचीस, म्हणून मी पाहिलेलं नाही. जीव खाऊन आठव.

ता. क. दुसरा. रक्त दिलं. नर्सबाई व्हरांड्यात फोनवर सासूबाईंना सांगत होत्या, रडू दे, पण बाटलीनंच पाजा. पलीकडून त्या पोराचं रडणं मला बाकावर ऐकू आलं. मी उठलो आणि आत जाऊन दंड पुढे केला. भाषण केलं नाही. करता आलंही नसतं, कारण तुझी भावजय माझ्या उजव्या हातावर चक्क बसली होती. पाकीट तपासलं का, म्हणशील. तपासलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

ता. क. तिसरा. आता बाकाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला नर्सबाई. त्यांना माझ्या रक्ताची भीती, आणि मलाही माझ्याच रक्ताची. एवढं एकमत मला कुठल्याच सभेत मिळालं नव्हतं. तपासणीच्या खोलीचं दार करकरलं की आम्ही दोघं एकदम उठून उभे राहतो, आणि कुणीतरी भलतंच बाहेर आलं की पुन्हा बसतो. हे पत्र तुला पोचेल तोवर निकाल लागून गेलेला असेल, हे मला कळतं. तरी तू इकडे यायला निघ.