हसण्याचे दहा गुण

माय, तू गेलीस तेव्हा मी नुकतीच हॉटेलातल्या नोकरीला लागले होते. आता मी आफ्रिकेतल्या एका देशाला पाहुणचार शिकवते. एका अख्ख्या देशाला! इथल्या सरकारला पर्यटन वाढवायचंय, म्हणून आमच्यासारखे सल्लागार विमानं भरभरून आणलेत. समुद्राएवढं तळं आहे, जंगल आहे, जनावरं आहेत. कमी आहे ती अकलेची, आणि ती आम्ही सोबत आणली आहे असा आमचा समज. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीचा खुळखुळा होतो, विश्रामगृहात नळाला पाणी नाही, आणि आमच्या अहवालाचं पहिलं कलम काय, तर कर्मचाऱ्यांनी हसलं पाहिजे. त्याची मी परीक्षा घेते. वाढण्याचे वीस गुण, स्वच्छतेचे वीस, हसण्याचे दहा. हसण्यात नापास झालं की नोकरी गेली. हा नियम ठरला त्या बैठकीत मीही होते, काजू खात.

बुलढाण्याच्या त्या विश्रामगृहात तू स्वयंपाकीण होतीस. कॉलेजच्या सुट्टीत मी तुझ्या हाताखाली भाकरी थापायला यायचे. एक दिवस मुंबईहून आलेला साहेब बोटं चाटून झाल्यावर म्हणतो, "बाई, जेवण झकास आहे, पण वाढताना जरा हसत जा." तू दारात उभी आहेस, हातात वांग्याच्या भाजीचं पातेलं. "साहेब, तुम्ही जेवाले आले का माहे दात पाहाले आले? भाजी वाढू का अजून?" त्यानं मुकाट्यानं ताट पुढे केलं. मी मात्र आत चुलीपाशी लाजेनं मेले. घरी जाताना तुझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. "काऊन तोंड फुगवून राह्यली वं?" तू विचारलंस. मी म्हणाले, "तुले बोलाची रीतच नाही." शिकलेली होते ना मी! साहेबाची नाही, तुझी लाज वाटली मला.

मागच्या आठवड्यात तळ्याकाठच्या विश्रामगृहातली स्वयंपाकीण परीक्षेला उभी राहिली. पन्नाशीची बाई, नवरा नाही, घर तिच्याच पगारावर चालतं. मासा असा तळलेला की माझ्यासोबतचे दोघे गोरे सल्लागार काटे चोखत बसले. पण बाईचा चेहरा मख्ख. मी म्हटलं, "हसा." ती हसली नाही. पुन्हा म्हटलं. मग ते दोन शहाणे दात विचकून तिला हसायचं कसं ते दाखवायला लागले. तिनं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, त्यांची ताटं उचलली, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबून विचारलं, "तुमची आई पाहुण्यांना वाढताना हसायची?"

तू असतीस तर यापुढचं तुला कधी लिहिलंच नसतं. मी हो म्हणाले, माय. आणि शून्य लिहिलं.