गोलकीपरला दिलेला शब्द

अहो,

वर 'प्रिय' लिहावं का, यावर बराच वेळ घालवला. उभ्या जन्मात कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच दचकाल. म्हणून नेहमीचंच, अहो. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आजवर पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय कारण तुमचा भयंकर राग आलाय, आणि तो काढायचा तर दुसऱ्या कुणावर काढू?

दिवाळी झाली, सीझन तोंडावर आला. काल तालमीतून आपल्या फुटबॉल टीमच्या नव्या जर्सींचा गठ्ठा आला, पाठीवर नंबर शिवायला. बाकीच्या तालमींच्या टीमा हल्ली छापून आणतात, आपल्या मात्र अजून माझ्याच मशीनवर. त्यामुळे टीममध्ये कोण कोण, ते पेठेत सगळ्यात आधी मला कळतं. कुठल्या मापावर कुठला नंबर, एवढं बघितलं की झालं. यंदाही गोलकीपरची पिवळी जर्सी गठ्ठ्यातली सगळ्यात मोठी! म्हणजे गोलात पुन्हा बबनभावजी. मी मशीनवरून उठलेच.

गेल्या सीझनला तुमच्यामागं आपण वरच्या गटात टिकलो ते कसे, सांगू? शेवटच्या सामन्यात समोरच्यानं पेनल्टी बाहेर मारली म्हणून. यंदा ते नशीब कुठून आणायचं? राजूनं पेठ बदलली. गोल मारणारा तेवढा एकच होता, तोही पलीकडे गेला. त्याच पलीकडच्यांनी दोन नायजेरियन आणलेत. सकाळी ते मिसळ खायला बसले की आपली पोरं सराव सोडून बघायला जातात. मधली फळी बरी आहे, अमोल आणि त्याचा भाऊ जीव तोडून पळतात. पण मागं काय? बबनभावजी चाळिशीला टेकले. कॉर्नर आला की उडी मारतात, पण पाय जमिनीवरच असतात. सरावाच्या सामन्यात परवा खालच्या गटातल्या टीमनं आपल्याला धुतलं. केबलवर दाखवलं नाही, एवढीच अब्रू वाचली.

आणि कोच? कोच नाही! तुमच्या जागी कुणाला नेमायचं म्हणजे पाप, असं ठरलंय. रोज सरावाला लाईनीजवळ खुर्ची मांडतात, तिच्यावर तुमचा फोटो आणि फोटोला ताजा हार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण पुढं काय होतं ते ऐका. काही ठरवायचं झालं की सगळे फोटोकडे बघतात आणि म्हणतात, तात्या काय म्हणाले असते? मग प्रत्येकाचा तात्या वेगळंच म्हणतो. अध्यक्ष दिनकररावांचा तात्या त्यांच्या पुतण्याला पुढं खेळवायला सांगतो. अमोलचा तात्या पुतण्याला बाहेर बसवायला सांगतो. तुम्ही जिवंतपणी एवढं बोलला नसाल.

एकमत आहे ते फक्त बबनभावजींवर. का, तर तुमचा शब्द. तालमीत मारुतीसमोर, सगळ्यांदेखत, त्यांच्या पाठीवर थाप मारून तुम्ही म्हणाला होता, "बबन, जवर मी हाय, तवर गोल तुझा." माणूस खूश झाला, टाळ्या पडल्या, तुम्ही घरी येऊन जेवलात.

आणि जेवताना मला काय सांगितलंत? एकदा नाही, त्यानंतर कितीतरी वेळा? बबनचे गुडघे गेलेत, त्याला आता बसवायला पाहिजे, त्या तरण्या संदीपला गोलात उभा करायला पाहिजे. मी म्हणायची, मग सांगा की त्यांना. तुम्ही आमटी ओरपत म्हणायचा, बघू पुढच्या सीझनला. प्रत्येक सीझनला पुढचा सीझन! समोरच्या टीमच्या माणसावर धावून जायला तुम्हाला भीती नव्हती, आपल्या माणसाला वाईट सांगायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. आणि ते सांगायचं तसंच ठेवून निघून गेलात. हे काय वागणं झालं?

आज दुपारी बबनभावजी आले. जर्सी घालून बघितली, काखेत काचते, जरा उसवून सैल करा म्हणाले. मी कात्री घेतली आणि मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. पण बसताना त्यांनी भिंतीला हात टेकला, मग खुर्चीला, मग कसेबसे बसले. माझ्याच्यानं तोंड उघडेना. अगदी तुमच्यासारखीच गप्प बसले मी!

शेवटी तेच बोलले. "वैनी, मला कळतंय की. रोज पहाटे संदीपला मीच शिकवतोय, कळंब्याच्या रस्त्यावर पळवतोय. पोरगं माझ्यापेक्षा चांगलं हाय. पण तात्यांचा सबूद हाय. मी गोल सोडला तर तात्यांना सोडल्यागत हुईल."

मी म्हटलं, त्यांनी शब्द दिला तो ते स्वतः असेपर्यंतचा. भावजी मान हलवत म्हणाले, दिनकरराव सांगतात, तात्या गेलेत कुठं, ते आपल्यातच हायत.

अहो, तेव्हा मला जे झालं ते कसं सांगू? वर्षभर मीही कुणाला 'तात्या गेले' असं म्हणू दिलं नाही. 'गेले' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. 'हे इथं नाहीत' म्हणायचे, गावाला गेल्यासारखं. आणि समोर हा माणूस, मोडक्या गुडघ्यांवर तुमची वाट बघत उभा राहणारा.

मी म्हटलं, "भावजी, ते गेले. ह्या घरात मी ऱ्हाते, मला म्हाईत हाय. ते गेले."

ते रडले. मीही रडले. मग त्यांनी जर्सी माझ्या हातातून घेतली, ताणून धरली आणि म्हणाले, सैल नको वैनी, बारीक करा, संदीपच्या मापाची. मी टाके घालत होते तोवर ते उठले नाहीत.

जर्सीचं कळलं की उद्या दिनकरराव तणतणत येतील. ते यायच्या आधीच मी तालमीच्या दारात जाणार आहे. बाई माणूस तिथं जात नाही, ठाऊक आहे. आत जाणार नाही, पायरीवर उभी राहीन. भावजींना सांगितलं तेच सगळ्या टीमसमोर सांगेन आणि म्हणेन, आता कोच नेमा. टीम खाली गेली तर शिव्या मला घाला. आवाज कापेल माझा, पण पूर्ण सांगेन. तुम्ही गेलात, एवढं मोठ्यानं म्हणायचं आहे.

तुमची,
सुमन